स्कॅफोल्ड प्रकरण: फाशीचं शिल्प, डकोटा वडीलधारी आणि न जाळलेलं लाकूड

मिनियापोलिसला राहणारे किंवा तिकडे मुलांकडे, भावंडांकडे जाऊन आलेले मराठी लोक बरेच आहेत, त्यामुळे तो अवाढव्य चमचा आणि त्यावरची लाल चेरी फोटोत तरी अनेकांनी पाहिली असेल. ती ज्या बागेत आहे ती मिनियापोलिस स्कल्प्चर गार्डन, ११ एकरांची, १९८८ साली सुरू झालेली, आणि ती वॉकर आर्ट सेंटर हे म्युझियम आणि शहराचं पार्क बोर्ड असे दोघं मिळून चालवतात. २०१७ मध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर ही बाग पुन्हा उघडायची होती, तारीख ठरली होती ३ जून, आणि नवीन आणलेल्या शिल्पांमध्ये एक होतं लॉस एंजेलिसच्या सॅम ड्युरंट या कलाकाराचं 'स्कॅफोल्ड'. उद्घाटनाला जेमतेम आठवडा राहिला असताना त्याच्यावरून जे काही झालं ते पुढे कलाक्षेत्रात खूप चघळलं गेलं, पण बहुतेक चर्चा 'कलास्वातंत्र्य की भावना दुखावणं' याच चाकोरीत फिरत राहिली. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणजे निर्णय डकोटा लोकांच्या (या भागातल्या मूळ रहिवाशांच्या) हातात गेल्यावर त्यांनी तो कसा घेतला, घेतलेला बदलला कसा, आणि त्यातून त्यांच्या जगण्याची रीत कशी दिसते.

आधी शिल्प काय होतं ते. लाकूड आणि स्टीलचा दोन मजली सांगाडा, जिने असलेला, वर चढता येणारा. अमेरिकेशी संबंध असलेल्या सात फाशांची तख्तं एकमेकांत घुसवून एकच रचना केलेली: १८५९ मधला गुलामगिरीविरोधी जॉन ब्राऊन, लिंकनच्या खुनातले आरोपी, शिकागोच्या हेमार्केट प्रकरणातले कामगार पुढारी, असं करत करत थेट २००६ मधल्या सद्दाम हुसेनपर्यंत. कलाकाराचा हेतू फाशीच्या शिक्षेवर आणि सरकारी हिंसेवर बोट ठेवण्याचा होता, त्याबद्दल कुणी फारशी शंका घेतली नाही. २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात ते उभं होतं, तिथे लोक त्यावर चढायचे, बसायचे, कुणाला काही वावगं वाटलं नाही. नंतर स्कॉटलंड आणि हेगलाही गेलं. २०१४ मध्ये वॉकरने ते विकत घेतलं.

घोळ असा की त्या सातांपैकी एक तख्त होतं मंकेटोचं, साल १८६२. मंकेटो हे गाव मिनियापोलिसपासून गाडीने दीड तासावर आहे. ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा तिथे लटकवले गेले ते लोक आजही त्याच राज्यात, मिनेसोटात, राहतात, त्यांची मुलं शाळेच्या सहलीला याच बागेत येतात. कासेलमध्ये जी गोष्ट 'इतिहासावर भाष्य' होती ती इथे घरातल्या माणसांच्या मरणाची प्रतिकृती झाली, तीसुद्धा बाजूला मिनी गोल्फ आणि पलीकडे भला मोठा निळा कोंबडा असलेल्या बागेत.

१८६२ चं प्रकरण थोडक्यात सांगणं अवघड आहे पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मिनेसोटा नदीच्या खोऱ्यातली डकोटा लोकांची जमीन १८५१ च्या दोन करारांनी गेली, हातात राहिली नदीकाठची एक पट्टी, त्यातली उत्तरेकडची अर्धी १८५८ मध्ये गेली. बदल्यात दर वर्षी रोख रक्कम आणि धान्य मिळायचं होतं. १८६२ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना, ती रक्कम वेळेवर आलीच नाही, आधीच्या वर्षीचं पीक गेलेलं, व्यापारी उधार द्यायला तयार नाहीत, गोदामात माल पडून आणि बाहेर लोक उपाशी. ऑगस्टमध्ये भडका उडाला. थाओयाते दुता, ज्याला इंग्रजी वाचक लिटल क्रो म्हणून ओळखतात, त्याने मनाविरुद्ध नेतृत्व घेतलं असं सांगितलं जातं. सहाएक आठवडे लढाई चालली, शेकडो गोरे वसाहतवाले मारले गेले, त्यात बायकामुलंही होती, हे लपवण्यात काही अर्थ नाही. सगळे डकोटा लढाईत नव्हते, कित्येकांनी वसाहतवाल्यांना वाचवलं, पण नंतरची शिक्षा सगळ्यांना सरसकट झाली.

लष्करी कमिशनसमोर ३९२ जणांचे खटले चालले. वकील नाही, भाषा कळत नाही, काही खटले पाच मिनिटांच्या आत उरकलेले. ३०३ जणांना फाशी सुनावली. कागदपत्रं लिंकनकडे गेली, त्याने यादी ३९ वर आणली, शेवटच्या क्षणी एकाची शिक्षा थांबली, आणि २६ डिसेंबर १८६२ ला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ३८ जणांना मंकेटोमध्ये एकाच चौकोनी तख्तावर एकाच वेळी फाशी दिली. अमेरिकेच्या इतिहासातली एका वेळची ही सगळ्यात मोठी फाशी. बघायला हजारो लोक जमले होते. प्रेतं नदीच्या वाळूत पुरली आणि त्याच रात्री डॉक्टर लोकांनी शरीरशास्त्राच्या अभ्यासासाठी ती उकरून नेली. त्यातलं एक नेणारे विल्यम मेयो, ज्यांच्या मुलांनी पुढे जगप्रसिद्ध मेयो क्लिनिक नावारूपाला आणलं. या संस्थेने २०१८ मध्ये सँटी डकोटांची रीतसर माफी मागितली. ही उकरून नेण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लढाईशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशा सोळाशेच्या वर बायका, मुलं, म्हाताऱ्यांना तो हिवाळा फोर्ट स्नेलिंगच्या किल्ल्याखाली नदीकाठी कुंपणात काढावा लागला, किमान शंभरावर माणसं तिथेच गेली. १८६३ मध्ये करार रद्द, आणि डकोटांना राज्यातून हाकललं. म्हणून आज डकोटा लोक मिनेसोटातल्या चार वसाहतींमध्ये आहेत तसे नेब्रास्का, नॉर्थ आणि साऊथ डकोटा आणि पार कॅनडातल्या मॅनिटोबा, सस्कॅचवानमध्येही आहेत. 'डकोटांना विचारलं का' हा प्रश्न म्हणूनच बोलायला सोपा आणि प्रत्यक्षात भयंकर किचकट आहे, कारण कुणाकुणाला विचारणार? पण वॉकरच्या बाबतीत प्रश्न इतका वरचा नव्हताच, त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटी बागेच्या कुंपणाआडून सांगाडा दिसायला लागला आणि लोकांनी ओळखला. २६ मे, शुक्रवार. वॉकरच्या डायरेक्टर ओल्गा व्हिसो यांनी त्याच दिवशी मूळ रहिवाशांच्या एका स्थानिक वर्तमानपत्राला खुलं पत्र लिहिलं, त्यात डकोटांना याचा किती त्रास होईल याचा अंदाज आपण घ्यायला हवा होता असं मान्य केलं. दुसऱ्या दिवसापर्यंत कुंपणावर हाताने रंगवलेल्या पाट्या लागल्या होत्या, खाली माणसं बसून होती, कुणी ढोल घेऊन आलेलं, कुणी नातवंडांना घेऊन. एका पाटीवर एवढंच, की ही तुमची गोष्ट नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणावर लिहिल्या गेलेल्या शेकडो लेखांपेक्षा ती पाटी जास्त नेमकी होती.

आता इथे एरवी काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. निवेदन निघतं, शिल्पाशेजारी माहितीफलक लावू म्हणतात, एखादा परिसंवाद घेतात, आणि शिल्प तिथेच. वॉकरमध्येही संवाद घडवण्याची भाषा सुरुवातीला होतीच. पण ३१ मेला मध्यस्थ घेऊन बैठक झाली, एका बाजूला वॉकर, पार्क बोर्ड, शहराचे लोक आणि स्वतः सॅम ड्युरंट, दुसऱ्या बाजूला डकोटा वडीलधारी मंडळी. तीन तासांच्या आसपास चालली आणि बाहेर येऊन जे सांगितलं गेलं ते असं: सांगाडा पूर्ण उतरवायचा, काम २ जूनला प्रार्थनेने सुरू करायचं, उतरवणारी कंपनी मूळ रहिवाशांच्या मालकीची असेल, लाकूड फोर्ट स्नेलिंगच्या परिसरात नेऊन विधिपूर्वक जाळायचं, आणि ड्युरंट या कलाकृतीचे सगळे बौद्धिक हक्क डकोटांना देतोय, मंकेटोचं तख्त तो पुन्हा कधी बनवणार नाही.

यातली शेवटची अट वाचून मी थबकले. शिल्प पाडणं ही एका दिवसाची बातमी असते, पण हक्क गेले म्हणजे तो आराखडा, ती कल्पना, उद्या दुसऱ्या कुठल्या म्युझियमने मागितली तरी देता येणार नाही. बैठकीत कुणीतरी लाकडाच्या पलीकडचा विचार केला होता.

२ जूनला, शुक्रवारी दुपारी, बागेत काही शे लोक जमले. आधी प्रार्थना झाली, ढोल आणि गाणी झाली, मग कामगारांनी वरच्या फळ्या काढायला सुरुवात केली. घाई नाही, आरडाओरडा नाही, विजयाच्या घोषणा नाहीत. हे वर्णन वाचताना मला जाणवत राहिलं की तिथे आलेल्या लोकांसाठी ते आंदोलन यशस्वी झाल्याचा समारंभ नव्हता, ३८ जणांच्या नातेवाईकांचं जमणं होतं. आणि हे काही २०१७ मध्ये सुचलेलं नव्हतं. साऊथ डकोटातल्या लोअर ब्रूलपासून मंकेटोपर्यंत सव्वातीनशे मैल घोड्यांवरून, ऐन डिसेंबरच्या बर्फात, २६ तारखेला सकाळी पोचायचं अशी यात्रा कित्येक वर्षं चालत आलेली होती, आणि त्यात पोरंसोरंही घोड्यावर असायची. म्हणजे ज्यांना म्युझियमने 'इतिहास' समजून बागेत उभं केलं त्यांच्यासाठी ते दरवर्षीचं, अंगाला थंडी लावणारं काम होतं.

बागेचं उद्घाटन आठवडाभर पुढे ढकलून १० जूनला उरकलं. बातम्या तिथे संपल्या. प्रकरण संपलं नव्हतं, कारण लाकडाचं काय करायचं हा प्रश्न तसाच होता.

जाळायचं तर ठरलेलं होतं. पेपरांनाही ते आवडलं होतं, ज्वाला, रात्र, क्षमा वगैरे सगळं आपोआप लिहिता येतं. पण ३१ मेचा निर्णय पाच दिवसांच्या गदारोळात झालेला होता आणि त्यानंतर वेगवेगळ्या डकोटा समाजांतल्या वडीलधाऱ्यांमध्ये बोलणी चालू राहिली. त्यातून हळूहळू आक्षेप पुढे आला की हे लाकूड जाळायचं नाही. कारण अग्नी हा प्रार्थनेचा, बरं करण्याचा, पवित्र मानलेला आहे, आणि ज्या वस्तूत एवढं दुःख आणि वाईट भरलंय ती त्याच्यात टाकणं बरोबर नाही.

बाहेरच्या माणसाला हे जरा उलटं वाटतं, आपल्याला तर जास्तच, कारण अग्नीत टाकलं की शुद्ध झालं हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं आहे. पण डकोटांचं जुनं वर्षभराचं चक्र बघितलं तर मला ते फार सरळ वाटतं. वसंतात मेपलच्या झाडांना खाच पाडून रस गोळा करायचा आणि तो तासन् तास विस्तवावर आटवायचा, साधारण चाळीस लिटर रसाला एक लिटर पाक असा हिशोब, म्हणजे विस्तव सांभाळणं हेच अर्धं काम. उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांत, सालींनी शाकारलेल्या मोठ्या घरांभोवती मका. मग उन्हाळा सरताना तळ्यांवर जंगली तांदूळ: एक जण होडी पुढे ढकलतो, दुसरा एका काठीने लोंब्या होडीत वाकवतो आणि दुसऱ्या काठीने हलकेच झोडतो, पिकलेले दाणे होडीत पडतात, काही पाण्यात पडतात ते पुढच्या वर्षीचं बी. मग ते दाणे वाळवायचे, विस्तवावर भाजायचे, भाजताना सतत हलवत राहायचे कारण क्षणभर दुर्लक्ष झालं की करपले, मग पायांनी तुडवून टरफल सोडवायचं आणि पाखडायचं. हिवाळ्यात हरणांची शिकार, टिपी म्हणजे शंकूसारखे तंबू, आणि टिपीच्या मधोमध परत विस्तव. एवढंच कशाला, डकोटा, नाकोटा आणि लाकोटा मिळून जो मोठा समाज होतो त्याच्या सात शाखा सात अग्नी म्हणून ओळखल्या जातात, पंचायतीचे सात विस्तव. विस्तव म्हणजे जिथे बसून लोक ठरवतात ती जागा, जिथे रांधतात ती जागा, जिथे प्रार्थना होते ती जागा. तिथे फाशीचं लाकूड टाकायचं? हा माझा अर्थ आहे, वडीलधाऱ्यांनी एवढं फोड करून सांगितलेलं नाही, पण मला तरी त्यांची हरकत या सगळ्यातून आलेली दिसते.

शिवाय जागेचाही प्रश्न. जाळायचं ठरलं होतं फोर्ट स्नेलिंगच्या भागात, आणि तो भाग म्हणजे मिनेसोटा आणि मिसिसिपी नद्यांचा संगम, ब्दोते. अनेक डकोटांच्या परंपरेत लोकांची सुरुवातच तिथे झाली, आणि १८६२ चा तो कुंपणातला हिवाळाही तिथलाच. जन्माची जागा आणि छळछावणी एकाच ठिकाणी.

तर उन्हाळा संपता संपता नवा निर्णय जाहीर झाला: लाकूड पुरायचं. कुठे ते सांगायचं नाही. जागा डकोटांनी निवडली, विधी त्यांनी केला, आणि ती आजही जाहीर नाही. काही जणांना यात गूढ वगैरे वाटलं. मला तर अगदी व्यवहारी वाटतं. १८६२ मध्ये ज्यांची प्रेतं पुरल्याच्या रात्रीच उकरली गेली त्या लोकांनी १५५ वर्षांनी त्याच तख्ताचं लाकूड पुरताना पत्ता का द्यावा? (लाकूड प्रतिकृतीचं होतं हे मान्य, पण प्रतिकृती आणि मूळ यातला फरक म्युझियमला जेवढा वाटतो तेवढा सगळ्यांना वाटत नाही, हेच तर मुळातलं भांडण होतं.)

आता सेन्सॉरशिपचा मुद्दा, कारण तो टाळला तर लोक म्हणतील सोयीचं तेवढंच लिहिलं. कलाक्षेत्रातल्या बऱ्याच जणांना हे धोकादायक वाटलं, की आज ज्यांची बाजू न्याय्य आहे त्यांनी शिल्प पाडलं, उद्या दुसरं कुणीतरी ताकदवान टोळकं हाच दाखला देऊन दुसरं काहीतरी पाडेल. हा प्रश्न खोटा नाही, आपल्याकडे तर भावना दुखावल्याच्या नावाखाली प्रदर्शनं मोडल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. पण फरक कुठे आहे ते बघायला हवं. ड्युरंटने स्वतः सांगितलं की आपल्यावर सेन्सॉरशिप झाली नाही, बलवान बाजू दुबळ्याचा आवाज बंद करते तेव्हा ती सेन्सॉरशिप, इथे तसं नव्हतं. शिवाय तोडफोड झाली नाही, कुणी धमकावून खोली बंद केली नाही, मालक, कलाकार आणि ज्यांचा इतिहास ते लोक असे सगळे एका टेबलाला बसले आणि लिखित ठरलं. मला ड्युरंटचं वागणं या सगळ्यात सगळ्यात सरळ वाटतं. म्युझियमचं नाही. विकत घेतल्यापासून उभं करेपर्यंत तीन वर्षं होती हो, मंकेटो नकाशावर कुठे आहे एवढं बघायला तीन वर्षं पुरतात.

ओल्गा व्हिसो यांनी त्याच वर्षाच्या शेवटी वॉकर सोडलं. ते याच प्रकरणामुळे का, यावर लोकांनी बरेच तर्क केले, मी त्यात पडत नाही.

त्यापेक्षा पुढचं काम महत्त्वाचं. वॉकरने मूळ रहिवासी कलाकार, अभ्यासक वगैरेंची निवड कमिटी नेमली आणि मूळ रहिवासी कलाकारांकडून नव्या कलाकृतीचे प्रस्ताव मागवले. निवड झाली अँजेला टू स्टार्स यांची, सिसेटन वाहपेटन ओयाते या डकोटा समाजातल्या. त्यांचं 'ओक्चियापी' ऑक्टोबर २०२१ मध्ये बागेत खुलं झालं. पाण्यात थेंब पडल्यावर उठणाऱ्या तरंगांसारखी बसण्याच्या बाकांची वर्तुळं, त्यांच्यावर डकोटा शब्द, मध्ये पाणी, भोवती स्थानिक झाडं, आणि डकोटा बोलणाऱ्यांचे आवाज ऐकायची सोय. विषय मृत्यूचा नाही, भाषा परत बोलती करण्याचा. पहिल्यांदा भाषेची पिढी तुटली ती हद्दपारीत आणि नंतर बोर्डिंग शाळांत, जिथे मुलांना घरची भाषा बोलली म्हणून शिक्षा व्हायची, त्यामुळे लहानपणापासून सहज बोलणारी माणसं आता अगदी थोडी आहेत. सात तख्तांच्या सांगाड्यावर चढून लोकांनी 'विचार' करावा अशी अपेक्षा होती, इथे बसून आजी नातवाला दोन शब्द शिकवू शकते. दोन्हींत कुठलं काम जास्त राजकीय आहे यावर वाद घालता येईल, मी दुसऱ्याच्या बाजूने.

अजून एक गोष्ट जी या प्रकरणाबद्दल लिहिताना बहुतेक लोक विसरतात. बागेचं भागीदार असलेलं तेच पार्क बोर्ड, तोच २०१७ चा मे महिना, आणि त्याच बोर्डाने शहरातल्या लेक कॅल्हून या तळ्याला त्याचं जुनं डकोटा नाव, ब्दे माका स्का, परत द्यायचा ठराव केला होता. कॅल्हून म्हणजे गुलामगिरीचा कडवा समर्थक राजकारणी. त्या तळ्याकाठी १८३० च्या दशकात क्लाउड मॅन या डकोटा पुढाऱ्याचं शेती करणारं गाव होतं, मका, भोपळे, आणि नंतर त्या गावाची आठवण म्हणून काठावर जी कलाकृती झाली त्या कलाकारांमध्येही अँजेला टू स्टार्स होत्याच. म्हणजे एकाच महिन्यात एकच संस्था एका टेबलावर डकोटांना विचारून नीट काम करत होती आणि दुसरीकडे भागीदाराच्या जोडीने त्यांच्या पूर्वजांचं फाशीचं तख्त उभं करू देत होती. तळ्याच्या नावावरून पुढे कोर्टबाजी झाली, खालच्या अपिली कोर्टाने ज्या राज्य सरकारी खात्याने नाव बदललं त्याला तसा अधिकारच नाही म्हटलं, आणि २०२० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवून ब्दे माका स्का कायम केलं. तिथल्या काही रहिवाशांना ते अजूनही पसंत नाही, पाट्या मात्र बदलल्या आहेत.